बाईसाहेबांचा बारावा फोटो

फोटोवाल्यांच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीच्या वसंतातली ही गोष्ट. जुळं होणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात होतं त्यालाच कळतं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली आणि घरातला एकेक पांढरा कपडा लंगोटांच्या कामी येत चाललेला. आधी जुन्या चादरी गेल्या, मग उशांचे अभ्रे गेले, मग फोटोवाल्यांचे दोन सदरे गेले. सदऱ्यांचे तिकोनी तुकडे दोरीवर वाळताना त्यांनी ओळखले, पण आजोबा झालेल्या माणसाने असल्या गोष्टींची चौकशी करायची नसते म्हणून गप्प राहिले. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या रविवारी सकाळी मात्र त्यांनी पेटी उघडली आणि त्यांचा आवाज चढला.

"अगं, माझा पांढरा पडदा कुठाय?"

बायको पाठमोरीच म्हणाली, "अर्धा दोरीवर आहे. अर्धा अंगावर आहे."

"कुणाच्या अंगावर?"

"तुमच्याच नातवंडांच्या. आणखी कुणाच्या असणार?"

फोटोवाले पेटीच्या कडेवर बसले. तो साधासुधा पडदा नव्हता. बेचाळीस वर्षं त्यांनी पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवला तो त्या पडद्याच्या जिवावर. पडद्यापुढे माणूस बसवायचा, हनुवटी खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, आणि शेवटी "हलू नका." हे दोन शब्द त्यांनी इतक्या माणसांना ऐकवले होते, की त्यांना आईबापांनी ठेवलेलं एखादं नाव असेल हेच लोक विसरून गेले होते. पाठीमागे सगळे त्यांना 'हलूनका'च म्हणत.

स्टुडिओ बंद झाल्यावर त्यांनी एकच नाद ठेवला. झाडांना पालवी फुटली की गावाबाहेरच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरे, आणि फोटोवाले आपला चौकोनी कॅमेरा, तीन पायांचा स्टँड आणि पडदा घेऊन तिथे हजर होत. गाड्यांचे फोटोही ते पासपोर्टसारखेच काढत. गाडी समोरून, दोन्ही दिवे डोळ्यांसारखे सरळ, दोन्ही आरसे कानांसारखे दिसलेच पाहिजेत, आणि मागे दोघांनी धरलेला पांढरा पडदा. "चेहऱ्यामागे दुसरं काही दिसलं, की तो फोटो राहत नाही, गर्दी होते," असं ते म्हणत.

"तो लाल मखमली न्या की," बायको म्हणाली. "नव्या जोडप्यांच्या मागे लावायचात तो. धूळ खात पडलाय."

"त्याला सोनेरी झालर आहे. गोंडे आहेत."

"मग गाडीला काय लाज वाटणार आहे?"

दुसरा उपाय नव्हता. स्टुडिओची अख्खी भिंत झाकणारा तो लालभडक पडदा त्यांनी खांद्यावर घेतला, आणि फ्रिज उघडून लोण्याच्या शेजारी ठेवलेला रोल काढला. बारा फोटोंचा रोल. शेवटचा. दुकानदाराने सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, की आता असले रोल येणार नाहीत, हा एक मागच्या खणात सापडला तो घेऊन जा.

बारा फोटो पुरे होते, कारण यंदा त्यांना खरं तर एकच फोटो काढायचा होता. दादांचा.

दादा म्हणजे फोटोवाल्यांचे थोरले भाऊ. कारखान्याच्या मालकांकडे त्यांनी एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केली, आणि एकतीस वर्षं एकच गाडी चालवली. लांब नाकाची, गडद हिरवी, चाकांवर आरशासारख्या तबकड्या असलेली. गाडी दादांहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून दादा तिला कधी एकेरी हाक मारत नसत. "बाईसाहेबांना आज जरा खोकला आहे," म्हणत. "बाईसाहेबांना चढ आवडत नाही." लग्न झाल्यावर वहिनींना पहिले चार महिने वाटत होतं, की मालकांच्या आईबद्दल चाललंय.

एकतीस वर्षांत दादांचा बाईसाहेबांबरोबर एकही फोटो निघाला नाही. एक निघणार होता. चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी सगळं कुटुंब गाडीत बसवलं आणि फोटो काढायला दादांच्या भावालाच बोलावलं. दादा मागचं दार उघडं धरून उभे होते. मालक म्हणाले, फक्त घरचे घ्या. तेव्हा तरुण असलेल्या फोटोवाल्यांनी कॅमेऱ्यातून बघत म्हटलं, "दादा, जरा बाजूला हो, मध्ये येतोयस." दादा बाजूला झाले. हात तेवढा दारावर राहिला. मालकांच्या दिवाणखान्यात तो फोटो अजून टांगलेला आहे. सगळं कुटुंब आहे, आणि कडेला मनगटी घड्याळ घातलेला एक हात आहे. दादांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फोटोवाल्यांना मात्र तो हात आयुष्यभर दिसत राहिला.

यंदाच्या थंडीत डॉक्टरांनी दादांच्या छातीला नळी फार वेळ लावली आणि चिठ्ठीवर फार थोडं लिहिलं. त्या दिवशी फोटोवाल्यांनी ठरवलं होतं, की या वसंतात फोटो निघालाच पाहिजे. पुढच्या वसंतावर ठेवायचा नाही.

दादांच्या गुडघ्यांना बस झेपत नव्हती, म्हणून जावई आपली बेकरीची व्हॅन घेऊन आला. जावई बेकरीवाला. व्हॅन त्याच्या वडिलांपासूनची. रंग कधीकाळी पिवळा असावा. बाजूला मोठ्या अक्षरांत 'ताजा पाव, रोज सकाळी' असं लिहिलेलं. जावयाचे डोळे लाल होते. जुळं झाल्यापासून तो दोन तासांच्या वर झोपला नव्हता. एक पोर निजलं की दुसरं उठे, दोन्ही निजली की भट्टी पेटवायची वेळ होई.

"जावईबापू, जमेल ना चालवायला?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"चालवताना झोपत नाही, बाबा. थांबलो की झोपतो."

मैदानाच्या दारावर टोपीवाला रखवालदार होता. त्याने व्हॅनभोवती एक फेरी मारली. "गाडी कुठल्या सालची?"

जावई खरा माणूस. म्हणाला, "नक्की ठाऊक नाही. वडिलांनी घेतली तेव्हाच जुनी होती."

"कधी रंग दिलाय?"

"कधीच नाही."

रखवालदाराने आदराने मान हलवली, त्रेचाळीस नंबरची चिठ्ठी काचेला चिकटवली आणि हात केला. जावयाने हाताच्या दिशेने गाडी घातली. मैदानावर फक्त एकच जागा मोकळी होती, तिथे उभी केली, इंजिन बंद केलं, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्रेचाळीस नंबरची खरी गाडी वाटेत बंद पडली होती आणि तिचे मालक तिला ढकलत होते, हे त्या घडीला कुणाला ठाऊक नव्हतं.

फोटोवाले आणि दादा खाली उतरले, आणि तिथेच थबकले.

दर वर्षी असंच होई. घरून निघताना वाटे, बघून बघून किती बघणार, गाड्याच तर आहेत. आणि मैदानावर पाय ठेवला की पुढचं पाऊल उचलत नसे. कोवळ्या पालवीतून ऊन गाळून येत होतं आणि त्याखाली पंचेचाळीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. कुणाचं नाक एखाद्या बोटीइतकं लांब, कुणाची पाठ भोपळ्यासारखी गोल, कुणाला लाकडाची चाकं, कुणाला पितळेचे दिवे, आणि प्रत्येक पितळेत एकेक लहानसा सूर्य. झाडांची बारीक पांढरी फुलं त्यांच्यावर पडत होती आणि मालक मंडळी मऊ ब्रशने ती टिपत होती. त्या गाड्या बनवणारे हात कधीच मातीला मिळाले होते. ज्यांनी त्या नव्या घेतल्या तेही गेले. गाड्या मात्र काल वरात उतरवून आल्यासारख्या ताठ उभ्या होत्या. दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाईसाहेब शेवटी बघू," दादा म्हणाले. "आधी बाकीच्यांना भेटून येऊ. थेट त्यांच्याकडे गेलो तर बरं दिसत नाही."

इथेच घोटाळा सुरू झाला. फोटोवाल्यांचा निश्चय पक्का होता, की बाकी गाड्या नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. पण पहिल्याच गाडीशी दादा थबकले. तीन चाकांची, वेताच्या खुर्चीसारखी बैठक असलेली.

"हिचा घे रे एक," दादा कुजबुजले. "किती शहाण्यासारखी बघतेय."

गेला एक. मग एक चंदेरी गाडी आली. तिच्या समोर दोघे इतका वेळ उभे राहिले, की दादांच्या टोपीत फुलं साठली. गेला दुसरा. एका काळ्या गाडीचे दिवे बिचारे इतके जवळजवळ होते, की फोटोवाले न राहवून तिला म्हणाले, "हनुवटी जरा खाली." एका गाडीचं इंजिन मालकाने सुरू करून दाखवलं. ते इतकं हळू चाले, की प्रत्येक ठोका वेगळा मोजता येत होता. दादा कान देऊन ऐकत राहिले आणि नकळत त्यांनी हात आपल्याच छातीवर ठेवला. "माझ्यापेक्षा बरं चाललंय हिचं," ते म्हणाले. तिचाही एक गेला.

शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत अकरा गेले होते.

"दादा, आता एकच राहिला," फोटोवाले म्हणाले.

"एकच तर हवाय."

आणि समोर बाईसाहेब होत्या. दोरी लावलेली, दोरीशी एक रखवालदार, वर पालवी. दादा टोपी छातीशी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मागच्या चाकात जरा हवा कमी वाटते. बाकी जपलंय मालकांच्या नातवाने."

फोटोवाल्यांनी स्टँड उभा केला. दोरीच्या अलीकडे दादा, पलीकडे बाईसाहेब, असा फोटो घ्यायचा होता. त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेत बघितलं. दादा होते. बाईसाहेब होत्या. आणि दोघांच्या मधोमध, मागे, मोठ्या अक्षरांत होतं 'ताजा पाव, रोज सकाळी'. व्हॅन बरोबर मागच्या जागेत उभी होती.

ते डावीकडे सरकले, पाव होता. उजवीकडे सरकले, पाव गेला पण ऊन कॅमेऱ्याच्या तोंडावर आलं.

"जावईबापूंना उठवतो. गाडी हलवू दे."

दादांनी व्हॅनच्या काचेतून आत बघितलं. जावयाचं तोंड उघडं होतं आणि गालावर स्टिअरिंगची खूण उमटली होती. "नको रे," दादा म्हणाले. "बाप झालाय. झोपू दे त्याला."

मग राहिला पडदा. दोघा म्हाताऱ्यांनी तो लाल मखमली पडदा व्हॅनवर टाकला. टपावरून पुढे सोडला, बाजूंनी ओढला, सोनेरी झालर जमिनीपर्यंत आणली, आणि गोंडे नीट लोंबत सोडले, कारण फोटोवाल्यांना सवयच ती. मग बाईसाहेबांच्या काचेवर चमकणारं ऊन जरा उतरायची वाट बघत दोघे उभे राहिले.

पाच मिनिटांत एक गृहस्थ आले. गळ्यात दुर्बीण होती. "आत काय आहे?"

फोटोवाल्यांना पावाच्या गाडीची लाज वाटली. "काही नाही. आत्ता दाखवायचं नाही ते."

"का?"

"तुमच्या बघण्यासारखं नाही."

गृहस्थांनी भुवया वर केल्या, जाऊन बायकोला घेऊन आले. बायकोने मैत्रिणीला आणलं. एक जण दादांना हळूच विचारू लागला, "गाडी चालू स्थितीत आहे का?" दादा खोटं बोलत नसत. "रोज पहाटे चालते," म्हणाले. "आत्ता आवाज करू नका. आत माणूस झोपलाय."

"चालकही आतच?" विचारणाऱ्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. "चालक आतच राहतो. गाडी एकटी सोडत नाहीत."

एवढं पुरे झालं. असल्या दोनच आहेत, एकीने हे सांगितलं. त्यातली एक जळली, ही भर दुसऱ्याने घातली. रंग मूळचा आहे, असं दारावरच्या टोपीवाल्याने स्वतः सांगितलं. लोक ओळी सोडून येऊ लागले. चंदेरी गाडीच्या मालकाने ब्रश खिशात घातला आणि तोही आला. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मखमलीसमोर आपोआप आवाज खाली येतो.

माइकवाल्याने गर्दी बघितली. प्रमुख पाहुणे सकाळपासून मांडवात बसून होते आणि त्यांच्या हातून काही करून घ्यायचं राहिलं होतं. माइकवाला म्हणाला, "आता सर्वांनी त्रेचाळीस नंबरकडे यावं. आजच्या दिवसाचं खास आकर्षण. पाहुण्यांच्या हस्ते."

"दादा, आता मेलो," फोटोवाले म्हणाले.

पण दादा ऐकत नव्हते. सगळी माणसं त्रेचाळीस नंबरकडे धावली होती, दोरीपाशी उभा असलेला रखवालदारसुद्धा, आणि बाईसाहेब एकट्या उभ्या होत्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिले. फोटोवाल्यांनी कॅमेरा स्टँडवरून उचलून छातीशी धरला आणि पडद्याकडे पळाले. पाहुण्यांना काहीतरी सांगून थोपवावं, एवढंच मनात.

"आले, फोटोग्राफर आले," माइकवाला म्हणाला. "काका, इकडून घ्या."

"अहो साहेब, रोलमध्ये एकच..."

"एकच घ्या, पण चांगला घ्या."

पाहुणे पडद्याच्या कडेशी येऊन उभे राहिले. एका हातात सोनेरी गोंडा धरला. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, सगळ्यांचे हात टाळ्यांसाठी वर. पाहुण्यांनी सरळ कॅमेऱ्यात बघितलं, हनुवटी किंचित खाली घेतली. दोन्ही कान दिसले. मागे एकसारखा, गडद पडदा.

बेचाळीस वर्षांची सवय असते. फोटोवाल्यांचं तोंड आपणहून म्हणालं, "हलू नका," आणि बोट आपणहून दाबलं गेलं.

तो आवाज त्यांनी ऐकला. बारावा गेला.

पुढचं त्यांनी धड बघितलंही नाही. पाहुण्यांनी गोंडा ओढला, मखमल सळसळत खाली आली, टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात थांबल्या. पिवळसर व्हॅन. 'ताजा पाव, रोज सकाळी'. जावई टाळ्यांनी दचकून उठला. समोर एवढी माणसं रांगेत उभी बघून त्याने सवयीने काच खाली केली.

"पाव संपलेत," तो म्हणाला. "बिस्किटं आहेत."

कुणी हसलं नाही. पंचेचाळीस गाड्यांच्या मालकांना, पाहुण्यांना आणि एवढ्या लोकांना आपण फसलो हे कबूल करायचं नव्हतं. मग दुर्बीणवाले गृहस्थ हळूच म्हणाले, "ही मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या गल्लीत यायची." आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. तीन परीक्षक पुढे झाले. एकाने पोचे आलेल्या दारावरून बोट फिरवलं.

"हे पोचे मूळचे का?"

"दोन माझे," जावई म्हणाला. "बाकी वडिलांचे."

परीक्षकाने ते लिहून घेतलं.

फोटोवाले गर्दीतून बाहेर पडले. दादांना काय सांगायचं, हे जुळवत दोरीपाशी आले, तर दोरीपाशी दादा नव्हते.

झालं होतं असं. बाईसाहेबांच्या नाकावर एका पक्ष्याने आपली कामगिरी केली होती. एकतीस वर्षं ज्याने ते नाक पुसलं, त्याला ते बघवेना. दादांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दोरी उचलली, आत शिरले आणि रुमालाने पुसू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ आजोबा, हात लावायचा नाही."

दादा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. धाकटे मालक होते, थोरल्या मालकांचे नातू. आता पन्नाशीचे, केस विरळ झालेले. दादांच्या हातातला रुमाल कसा घडी घालून धरलाय, हे त्यांनी बघितलं.

"ड्रायव्हरकाका?"

"हो, साहेब. जरा घाण पडली होती. पुसली."

"तुम्ही मला शाळेत सोडायचात. मी मागे उलटी केली होती, तुम्ही घरी सांगितलं नाहीत."

"बाईसाहेबांनीही नाही सांगितलं," दादा म्हणाले.

धाकट्या मालकांनी खिशातून किल्ली काढली. दादा न सांगता पुढच्या दाराकडे गेले, तर मालकांनी मागचं दार उघडलं. "बसा."

"मागे?" दादा म्हणाले. "मागे कसं बसायचं ते मला ठाऊक नाही, साहेब."

"नुसतं बसायचं. काही करायचं नसतं."

दादा बसले. आधी कडेला, मग जरा आत, मग पाठ टेकली. एकतीस वर्षं ज्या गाडीचा रस्ता त्यांनी बघितला, तिचं छत त्यांनी पहिल्यांदा बघितलं. छताला बारीक टाक्यांची नक्षी होती. "अरे," एवढंच ते म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं. फोटोवाले आले ते या घडीला. दादा मागच्या आसनावर, मांडीवर टोपी, आणि धाकटे मालक दार धरून उभे.

"आलास? घे," दादा म्हणाले. त्यांनी टोपी घातली, हनुवटी खाली घेतली आणि डोळे कॅमेऱ्यावर लावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस भाऊ सांगेल तसा, न हलता बसला.

रोल संपला, हे शब्द फोटोवाल्यांच्या ओठांपर्यंत आले आणि परत गेले. मग त्यांनी धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप करायचं ठरवलं. फोटो काढल्यावर रोल पुढे फिरवायचा असतो, नाहीतर दुसरा फोटो पहिल्याच्याच उरावर बसतो आणि दोन्ही नासतात. शिकाऊ असताना त्यांनी हे एकदा केलं होतं. एका गिऱ्हाइकाला दोन नाकं आली होती. त्यानंतर बेचाळीस वर्षांत एकदाही नाही. आता पुढे फिरवायला रोल उरलाच नव्हता. त्यांनी तसाच खटका चढवला, दादा नीट दिसावेत म्हणून आयुष्यात पहिल्यांदा गाडी बाजूने धरली, आणि काचेत बघितलं. काच धूसर दिसत होती. काचेला काही झालं नव्हतं.

"हलू नका," ते म्हणाले, आणि बोट दाबलं.

"झाला?" दादांनी विचारलं.

"झाला."

"चांगला येईल?"

"येईल," फोटोवाले म्हणाले. आयुष्यात दादांशी बोललेलं ते पहिलं खोटं.

परतीच्या वाटेवर जावई पूर्ण जागा होता, कारण व्हॅनला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. 'जशीच्या तशी राखलेली गाडी' असं चषकावर कोरलेलं होतं. घरी पोचल्यावर बायकोने चषक उलटसुलट बघितला आणि त्यात लंगोटांच्या पिना ठेवल्या.

रोल फोटोवाल्यांनी परत फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी ठेवला. दादा रोज संध्याकाळी फेरी मारून यायचे. "धुतला का रे?" फोटोवाले म्हणायचे, औषध आलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, पाणी गढूळ आहे. तिसऱ्या दिवशी म्हणायचे, खांदा दुखतोय. असे तीन आठवडे काढले. शेवटी एका दुपारी बायकोने रोलची डबी त्यांच्या हातात ठेवली.

"नातवंडांच्या औषधाला जागा पाहिजे. हे धुवा, नाहीतर फेका."

फेकवेना, म्हणून त्यांनी न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद केली आणि धुवायला बसले. अकरा गाड्या एकामागून एक औषधातल्या कागदांवर उमटल्या, दोन्ही कान दिसणाऱ्या, न हसणाऱ्या. बाराव्या कागदाकडे त्यांनी बघायचं टाळलं. मग बघितलं.

लाल मखमल काळ्यापांढऱ्या फोटोत काळी येते. जिथे पहिल्या फोटोत काळं होतं, तिथे दुसऱ्या फोटोला जागा मिळाली होती. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, टाळ्यांना वर गेलेले हात. कडेला प्रमुख पाहुणे, हातात गोंडा. आणि मधोमध, पडद्याच्या त्या काळोखातून, बाईसाहेब बाहेर येत होत्या, मागचं दार उघडं, आणि आत दादा. टोपी सरळ, हनुवटी खाली. बघणाऱ्याला वाटावं, पडदा आत्ताच बाजूला झाला आणि आत हा माणूस दिसला, म्हणून एवढी दुनिया टाळ्या वाजवतेय.

फोटोवाले न्हाणीघरातल्या स्टुलावर बसले ते उठेनात. बायकोने दोनदा दार वाजवलं.

संध्याकाळी दादांनी फोटो उजेडाकडे धरला. फार वेळ बघितला.

"एवढी माणसं कधी आली होती रे? मला तर कुणी दिसलं नाही."

"तू छताकडे बघत होतास."

"हं." दादांनी फोटो जवळ घेतला. धाकटे मालक रांगेतल्या पांढऱ्या सदऱ्यांत पार विरघळून गेले होते. दारावरचा हात तेवढा उरला होता, मनगटी घड्याळासकट. "हा हात कुणाचा?"

"धाकट्या मालकांचा."

दादांनी त्या हातावर बोट ठेवलं. मग फोटोवरून नजर न काढता म्हणाले, "त्यांना सांगितलंस वाटतं, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय म्हणून."

चाळीस वर्षांत त्या गोष्टीवर ते पहिल्यांदा बोलले. फोटोवाल्यांनी वर बघितलं, तर दादांचे खांदे हलू लागले होते. ते हसत होते. हसता हसता त्यांनी भावाच्या पाठीवर एक थाप मारली आणि फोटो सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवून घरी गेले.

दादा त्याच वर्षी गेले. जुळ्यांतल्या थोरलीला पहिला दात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी.